शेजाऱ्याच्या बोअरपासून २० मीटर लांब

स्टॉकहोमजवळ आम्ही राहतो त्या गल्लीत एकाची बोअर अडली. का, तर शेजारच्या बोअरपासून साधारण २० मीटर अंतर लागतं आणि ते बसत नव्हतं. ही बोअर पाण्याची नाही हां, उष्णतेची! आणि मला हा नियम जाम आवडला.

ग्रॅनाइटमध्ये दीडदोनशे मीटर खाली जातात, आत यू आकाराचा प्लास्टिकचा पाईप सोडतात, त्यात अल्कोहोल मिसळलेलं पाणी फिरत राहतं. बाहेर उणे पंधरा असो नाहीतर ऊन, खाली सात-आठ डिग्री कायम. नाशिककरांना हे वेगळं काय सांगायचं, बोअरचं पाणी मेमध्ये गार आणि डिसेंबरच्या पहाटे कोमट लागतंच की. ती खालची उष्णता घरातला हीट पंप ओढून घेतो, उलटा लावलेला फ्रीजच म्हणा, कॉम्प्रेसर गॅस दाबून तापवतो आणि रेडिएटरचं पाणी गरम होतं. एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता. उन्हाळ्यात तेच गार पाणी नुसतं फिरवलं की घर थंड, कॉम्प्रेसर बंद ठेवूनसुद्धा. पण दोन बोअर खेटून असल्या तर दोघंही एकाच खडकातून उष्णता ओढतात, खडक वर्षागणिक गार होत जातो आणि बिल दोघांचंही वाढतं, म्हणून ते अंतर.

खोदताना निघणारा करडा चिखल पाईपने थेट कंटेनरमध्ये, रस्त्यावर थेंब नाही. आपल्याकडे अख्खी गल्ली पांढरी होते आणि एकाने ३०० फूट मारली की शेजारचा ५०० मारणार, हे बघून खरंच जीव तुटतो.

पण म्हणून हे स्वीडनवाले शहाणे आणि आपण बिनडोक असं अजिबात नाही! यांची घरं तेलावर तापायची, १९७३ ला तेल भडकलं, १९९१ ला कार्बन टॅक्स, म्हणजे तेल-कोळसा जाळण्यावरचा कर आला, तेव्हा वळले. शिवाय यांना मुख्यतः उष्णता काढायचीय, आपल्याला नेमकी उलट, जमिनीत सोडायचीय. एसीची उष्णता चाळीसच्या हवेत फेकण्यापेक्षा पंचविशीतल्या खडकात सोडणं सोपंच, पण बारा महिने सोडतच राहिलो तर आपला कातळ तापत जाणार, निफाडला पारा कितीही उतरला तरी ती थंडी चार दिवसांची. म्हणून मला वाटतं सुरुवात हॉस्पिटलपासून व्हावी, तिथे ऑपरेशन थिएटरला गारवा लागतो आणि रोज गरम पाणीही, म्हणजे खाली सोडलेली उष्णता परत वर काढता येते. काळा कातळ फोडणारी माणसं नाशिकात कमी नाहीत, बोअरची गाडी तर सकाळी सांगितली की संध्याकाळी दारात.