रॉकी १० का बसेना? कोडं सुटलं

सापडलं! रॅम नाही, पेनड्राइव्ह नाही, सीपीयूच म्हातारा निघाला.

मागच्या वेळी लिहिलंच होतं, लॅमिंग्टन रोडवरून उचललेल्या सेकंडहँड वर्कस्टेशनवर रॉकी लिनक्स १० ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला गेलो की थेट कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टिम जागीच ठप्प. पहिला संशय जुन्या ईसीसी (सर्व्हरच्या) रॅमवर. रात्रभर रॅम तपासणारी मेमटेस्ट चालवली. पंख्यांच्या घरघरीनं घरातल्यांची झोप उडाली, एरर मात्र एकही नाही. मग तीन पेनड्राइव्ह बदलले, बायोस अपडेट केला. मध्येच वर्तकनगरची लाइट गेली ते वेगळंच. शेवटी मोबाइलवर स्क्रीनचा स्लो मोशन व्हिडिओ काढला, तेव्हा पॅनिकच्या आधी झरकन सरकणारी ओळ हाती लागली: ग्लिबसीची (लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीची) तक्रार, या सीपीयूला एक्स८६-६४-व्ही३ (सीपीयूच्या सूचनांची तिसरी पातळी) जमत नाही.

माझे दोन्ही झिऑन ई५-२६८० व्ही२, २०१३ चे. एव्हीएक्स आहे; व्ही३ ला लागणाऱ्या एव्हीएक्स२ आणि एफएमए या सूचना नाहीत. रॉकी बनतं रेड हॅट लिनक्सवरून. रेड हॅट १० ला, म्हणून रॉकीलाही, व्ही३ लागतंच. ९ ला व्ही२ पुरायचं. (झिऑनच्या नावातलं व्ही२ वेगळं, हे वेगळं. यात माझा तास गेला.) आणि 'सीपीयू बदल' म्हणणाऱ्यांनो, एव्हीएक्स२ असलेल्या पुढच्या पिढीच्या झिऑनला बोर्ड वेगळा, रॅम डीडीआर४. म्हणजे नवी मशीनच घ्या.

तर सध्या दुसरं लिनक्स, डेबियन १३. नेटसीडीएफ (हवामानाचा डेटा वाचायची-लिहायची लायब्ररी) एका कमांडमध्ये आलं, पण मला चालवायचं असलेल्या डब्ल्यूआरएफ या हवामानाच्या मॉडेलला तिच्या सी आणि फोरट्रानच्या लायब्ररी एकाच फोल्डरखाली हव्यात आणि डेबियन त्या भलतीकडे ठेवतं. सिमलिंकांचं (शॉर्टकटसारख्या दुव्यांचं) एक फोल्डर बनवलं, आणि रविवारी पहाटे पावणेदोनला डब्ल्यूआरएफची एक्झिक्युटेबल फाइल तयार! वीसही कोअर धावताना बघत नुसता बसून राहिलो.

रॉकी ९ वरच राहायचं का, हा विचार होताच. त्याला २०३२ पर्यंत अपडेट आहेत. पण हे लिहिता लिहिता आठवलं, रेड हॅटशी जुळणाऱ्याच अल्मालिनक्स १० ची व्ही२ साठी वेगळी बिल्ड मिळते. रॉकी ९ बाद. दुसऱ्या एसएसडीवर अल्मा टाकतो आणि २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पावसाची केस डेबियन आणि अल्मा दोन्हींवर पळवतो. सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला जेमतेम ७३. एवढा फरक मॉडेलला पकडता येतो का ते बघायचंय. त्याआधी यूपीएसची बॅटरी.