तिला आई आहे

वडोदरा, रविवार, रात्री

नेपाळहून परतल्यापासून भेटेल तो एकच प्रश्न विचारतो आहे: ज्या मुलीच्या शिक्षणासाठी तुम्ही इतकी वर्षे पैसे पाठवता, तिलाच दत्तक का घेत नाही? दांडिया बाजारातल्या आत्याबाईंनी तर दाखलाही दिला. कवळाण्याचे गोपाळराव 1875 साली बाराव्या वर्षी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसले आणि सयाजीराव महाराज झाले. त्यांना काय आईवडील नव्हते? बडोद्यात राहून या दाखल्यापुढे वाद घालणे कठीण आहे, तरी मी घातला. तेव्हा वारसाची गरज गादीला होती. आजच्या कायद्यात आधी मुलाचे हित पाहिले जाते, आणि या मुलीला आई आहे. दोन देशांच्या नियमांची अडचण मी सांगितलीच नाही, कारण ती नसती तरी माझे उत्तर तेच असते.

निघण्यापूर्वीची धाकधूक निराळी होती. आम्ही दत्तक बाळाची वाट पाहतो आहोत. 'कारा'च्या, म्हणजे देशातल्या दत्तकाचे काम पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या यादीत आमचे नाव आता बरेच वर आले आहे, आणि बाळाची माहिती आली की 48 तासांच्या आत स्वीकार कळवावा लागतो. मुलीच्या गावी, नेपाळच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्याच्या डोंगरात फोन लागला नाही तर काय, या भीतीने ह्यांनी धाकट्या भावजींना पासवर्ड देऊन ठेवला होता. माहिती काही आली नाही, आणि त्या खेड्यात रेंज आमच्या रावपुऱ्यातल्या घरापेक्षा चांगली निघाली.

आमची मदत मुलीपर्यंत पोहोचवणाऱ्या संस्थेच्या दोन कार्यकर्त्या काठमांडूहून आमच्याबरोबर होत्या. मुलीला एकटे भेटायचे नाही, पत्ता द्यायचा नाही, महागडी भेट न्यायची नाही, असे नियम होते, आणि पोलिसांचा दाखला तर आधीच मागवला होता. ह्यांना ते जरा अपमानास्पद वाटले. मला वाटले नाही. दत्तकासाठी गृहभेटीला आलेल्या समाजसेविकेने आमचा पगार, आमची दुखणी, आमची भांडणेसुद्धा विचारून घेतली होती. परक्या मुलाच्या जवळ जाऊ इच्छिणाऱ्याची तपासणी व्हायलाच हवी, याबद्दल आता माझ्या मनात किंतु उरलेला नाही.

तो शनिवार होता, म्हणजे नेपाळच्या शाळांचा सुटीचा दिवस. मुलगी आधी आईच्या मागे उभी राहिली, मग बडोद्याच्या लिलो चेवड्याची पिशवी घेऊन मैत्रिणींकडे पळाली ती बराच वेळ आलीच नाही. त्यामुळे गप्पा झाल्या त्या तिच्या आईशीच. ती माझ्याहून लहान आहे. नवरा आखातात कामाला, वर मक्याचे आणि कोदोचे, म्हणजे नाचणीचे शेत, खाली पत्र्याचे घर. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात या जिल्ह्याची सर्वांत जास्त हानी झाली. जुने दगडी घर तेव्हाच पडले, आणि सरकारच्या तीन हप्त्यांतल्या तीन लाख नेपाळी रुपयांच्या मदतीतून, म्हणजे आपल्या 1,87,500 रुपयांतून, हे नवे घर उभे राहिले. कमी पडलेले पैसे नवऱ्याने परदेशातून पाठवले.

घर पडले त्याच पावसाळ्यात एक ओळखीचा माणूस थोरल्या मुलाला काठमांडूला नेऊन शाळेत घालतो म्हणून आला होता, हे तिने अगदी सहज सांगितले. तिने पाठवले नाही. त्या काळात सरकारने परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली होती, ती अशाच माणसांमुळे. आईवडील हयात असलेली मुले शहरातल्या आश्रमांत अनाथ म्हणून दाखवली जात. कागदपत्रांवर भरवसा ठेवता येत नाही म्हणून अमेरिकेने तर 2010 मध्येच नेपाळमधून टाकून दिलेली म्हणून सांगितलेली मुले दत्तक घेणे थांबवले होते. हे सगळे मी पूर्वी वाचले होते. समोर बसलेली बाई 'मी पाठवले नाही' म्हणते, तेव्हा वाचलेल्याचे वजन फार वाढते.

आम्हीही बाळाची वाट पाहतो आहोत, हे कार्यकर्तीने तिला सांगितले. आमच्याकडे असे सांगितले की मुलगा की मुलगी, गोरे की सावळे, असे विचारतात. तिने विचारले, "त्याची आई कुठे आहे?"

मला उत्तर देता आले नाही. आपल्याकडे बाळ सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी 60 दिवस मिळतात, मग बालकल्याण समिती त्याला दत्तकासाठी मुक्त जाहीर करते, आणि तिचे नावगाव आम्हाला कधीच सांगितले जात नाही. ते योग्यच आहे. पण त्या 60 दिवसांत, आम्ही सिंधुपाल्चोकला पाठवतो तेवढी रक्कम तिला कोणी दरमहा दिली असती तर बाळ तिच्याचजवळ राहिले असते का, हा प्रश्न परतीच्या विमानात माझ्या शेजारीच बसून आला. ह्यांचे म्हणणे असे की प्रत्येक वेळी कारण गरिबीच असते असे नाही, कुमारी मातेला पैशांपेक्षा लोकांच्या तोंडाचे भय अधिक असते. ते खरे आहे. तरीही जिथे कारण गरिबीच असेल, तिथे आपण एका आईला मूल सांभाळायला मदत करतो आणि दुसऱ्या आईचे मूल घरी आणतो, हे दोन्ही एकाच घरातून घडते, एवढे मान्य करून पुढे जावे असे मला वाटते. त्यामुळे दत्तकाचा विचार डळमळीत झालेला नाही. त्या मुक्त जाहीर झालेल्या बाळाला घर हवेच आहे.

बाळ आल्यावर खर्च वाढेल, म्हणून नेपाळची मदत थांबवावी, असे सासूबाईंनी सुचवले. मुलीची शाळा संपेपर्यंत ती चालू ठेवायची, हे आम्ही दोघांनी ठरवले आहे. गृहभेटीच्या अहवालाची तीन वर्षांची मुदत संपत आली आहे, तेव्हा समाजसेविका पुन्हा येऊन आर्थिक जबाबदाऱ्या विचारतील. ही रक्कम दानात धरावी, जबाबदारीत नव्हे, असा ह्यांचा आग्रह आहे. मी ती घराच्या हप्त्याच्या खालीच लिहिणार आहे.