शिळाप्रेसवरची ज्ञानेश्वरी जवळून पाहताना

नाशिकमधील एका ग्रंथसंग्रहात शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावर उतरवलेल्या हस्ताक्षरावरून, छापलेली ज्ञानेश्वरीची जुनी पोथी आहे. तिच्याविषयी अभिरक्षकांचे व्याख्यान सर्वांना खुले होते; त्यानंतर पोथी जवळून पाहण्यासाठी मात्र मोजक्याच लोकांना प्रवेश होता आणि त्याकरिता स्वतंत्र अर्ज करावा लागला. ओळखपत्र आणि शिफारसपत्र सहज जमले, पण ‘मूळ प्रतच पाहण्याचे कारण’ या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबलो. ज्ञानेश्वरी तर घरोघरी आहे. अखेर, लेखनिकाचा हात छपाईतही कितपत टिकून राहिला आहे हे पाहायचे आहे, असे लिहिले.

पावसाळ्यातील दमट हवेत जुन्या कागदाला बुरशी लागण्याची भीती असते, म्हणून कार्यक्रम दिवाळीनंतर ठेवला होता.

व्याख्यानात शिळाछपाईची कृती फार नेमकेपणाने समजावली गेली. लेखनिक खास कागदावर तेलकट शाईने मजकूर लिहितो, तो चुनखडीच्या घोटीव दगडावर दाबून उतरवला जातो, मग दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवला की पाणी कोऱ्या भागाला धरते आणि शाई केवळ अक्षरांवर बसते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये याच रीतीने पंचांग छापले. शाईत चरबी असेल या शंकेने सोवळे पाळणारी मंडळी छापील पोथी हाती धरायला कचरत, म्हणून गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरल्याचे सांगितले जाते. बाळशास्त्री जांभेकरांनी 1845 मध्ये ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून घेतली. समोरच्या प्रतीचे शेवटचे पान हरवले असल्याने तिचे साल कळत नाही, आणि अभिरक्षकांनी अंदाजाने ते सांगण्याचे टाळले, हे मला विशेष भावले.

पाहण्याच्या दालनात पिशव्या व पेन बाहेर ठेवून केवळ पेन्सिल नेता आली. हात धुऊन पूर्ण कोरडे करायला सांगितले. हातमोजे मात्र नव्हते, कारण त्यांनी बोटांची जाण कमी होते आणि पानाची कड फाटण्याचा धोका वाढतो. कोणती पाने पाहायची हे आधी कळवायचे होते. मी नवव्या अध्यायातील एक पान आणि अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ‘श्री गोदावरीच्या कूलीं’ हे शब्द जिथे येतात ते पान मागितले होते. त्र्यंबकेश्वरच्या वारीत वाढलेल्या माणसाला गोदावरीचे हे पान न सुचणे कठीण.

अर्जात लिहिलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या दोन पानांवरच मिळाले. ओळीत ओवी मावावी म्हणून शेवटची अक्षरे दाटीने लिहिली होती, एकाच पानावर ‘ळ’ची दोन वळणे होती, आणि एका ठिकाणी सुटलेले अक्षर हंसपदाची खूण करून समासात घातले होते. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवून केलेल्या छपाईत प्रत्येक ‘ळ’ सारखाच उमटला असता. इथे लिहिणाऱ्याची घाई आणि काळजी दोन्ही कागदावर उतरली आहेत. माझ्या मते या पोथीला छापील ग्रंथापेक्षा हस्तलिखिताची बहीण म्हणणे अधिक योग्य ठरेल.

निघताना मी घरच्या देवघरातील जुन्या पोथीविषयी विचारले. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये, हळदकुंकू पानावर न वाहता वेष्टनाबाहेर वाहावे आणि प्लॅस्टिकऐवजी धुतलेल्या सुती कापडात पोथी बांधावी, असे अभिरक्षकांनी सांगितले. ती पोथीही त्यांना दाखवण्यासाठी मी आता वेळ मागितली आहे.