वीतभर यंत्राचं रुखवत

अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हात ताणला की वीत होते. सॅमसंगच्या क्यू१ या हातात धरायच्या संगणकाची रुंदी जवळपास तेवढीच, पावणेतेवीस सेंटिमीटर. वजन पाऊण किलोच्या किंचित वर. मार्च २००६मध्ये हॅनोव्हरच्या सेबिट प्रदर्शनात ही जात जगापुढे आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने तिला अल्ट्रा-मोबाइल पीसी म्हटलं, लोकांनी यूएमपीसी. सात इंची पडदा, ८०० गुणिले ४८० ठिपके, ९०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन एम, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपीची टॅबलेट आवृत्ती. किंमत पाचशे डॉलरच्या आसपास आणायची भाषा होती. प्रत्यक्षात क्यू१ अमेरिकेत विकायला आली ती अकराशेला. पाचशेच्या आत बोटांनी चालणारी पाटी मिळायला २०१० साल आणि आयपॅड उजाडावा लागला, आणि त्यात विंडोज नव्हतंच.

क्यू१ एकटी नव्हती. तिच्याआधी, २००४मध्ये, ओक्यूओचं पाच इंची, चारशे ग्रॅमचं यंत्र आलं होतं. सोनीचं वायो यूएक्स साडेचार इंची, पडदा वर सरकवला की खाली कीबोर्ड. असुसच्या आर२एचमध्ये जीपीएस आणि बोटाचा ठसा घेणारी पट्टी. सगळ्यांची युक्ती मात्र एकच. यंत्र लहान करायचं म्हणून त्यातून पूर्ण आकाराचा कीबोर्ड काढला, डीव्हीडी काढली, बॅटरी निम्मी केली. काढलेलं नाहीसं झालं नाही, पिशवीत गेलं. यूएसबी कीबोर्ड बसवलेलं पाकीट, बाहेरचा डीव्हीडी रायटर, पाठीवर कुबड येणारी जादा बॅटरी, गाडीचा चार्जर, जीपीएस, स्टायलस म्हणजे पडद्यावर लिहायची काडी, वर पाऊच. नवरीपेक्षा रुखवत जड. आणि आज ठाण्या-वाशीच्या फ्लॅटमध्ये माळ्यावरून असं एखादं यंत्र खाली उतरलं, तर ते चालेल की नाही हे आतल्या प्रोसेसरवर नव्हे, या रुखवतावर ठरतं.

पहिला प्रश्न अडॅप्टरचा, कारण हरवतो तोच. ठाण्याच्या गोखले रोडवरच्या दुकानात विचारलं तर ‘काका, हे आता येत नाही’ एवढंच ऐकू येईल. ते खरंही नाही. पिन येते, मोजून घ्यावी लागते. यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीवर तीन गोष्टी वाचा: व्होल्ट, अँपिअर आणि गोल खुणेतली अधिक-उणे. क्यू१ला १९ व्होल्ट लागतात, इतर काहींना १६. पिन बसली म्हणून वीज जुळली असं होत नाही; १६ व्होल्टच्या यंत्राला १९चा अडॅप्टर छान बसतो आणि चार्जिंगचा भाग जाळू शकतो. अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी असले तर अडॅप्टर तापतो आणि यंत्र मध्येच बंद पडतं. लावण्याआधी पिनच्या आत मल्टिमीटरचं लाल टोक, बाहेरच्या कड्याला काळं. आकडा उणे आला तर तो अडॅप्टर परत. हल्ली टाइप-सी चार्जरकडून २० व्होल्ट मागून घेणाऱ्या केबल मिळतात. १९ व्होल्टच्या लॅपटॉपना त्या सर्रास वापरल्या जातात, कारण फरक पाच टक्क्यांचा. १६वाल्याला मात्र ती केबल दाखवूसुद्धा नका.

बॅटरीचा हिशेब साधा. तीन लिथियम सेल एकापुढे एक जोडले की ११.१ व्होल्ट, २.६ अँपिअर-तासाचे सेल धरले तर २९ वॉट-तास. यंत्र दहा वॉट खातं, म्हणजे तीन तासांच्या आत खेळ संपला. वाय-फाय आणि पूर्ण उजेड ठेवला तर दोन. म्हणून सहा सेलची जादा बॅटरी घ्यायची, आणि ती लावली की हातात धरायच्या यंत्राचं वजन किलोकडे झुकायचं. हा व्यवहार कोणाला पटला असेल ते असोत.

या यंत्रांचा जीव खरा त्यांच्या पडद्यात. आजच्या फोनचा पडदा बोटाची वीज ओळखतो, हा दाब ओळखतो. खाली काच, वर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, दोघांच्या आतल्या अंगाला वीज वाहून नेणारा पारदर्शक थर, आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये डोळ्यांना न दिसणारे ठिपके. दाबलं की थर टेकतात, आणि टेकल्या जागी किती व्होल्ट मिळाले त्यावरून आडवं-उभं अंतर कळतं. यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. एक, बोट, नख, हातमोजा, पेनाचं टोपण, काहीही चालतं. रबाळे-महापेच्या कारखान्यात मोजे घालून काम करणाऱ्याला हा पडदा आजच्या फोनपेक्षा सोयीचा, असं माझं ठाम मत आहे. दुसरी गोष्ट वाईट. एका वेळी एकच जागा कळते. लिहिताना तळहात टेकला की यंत्र हात आणि स्टायलस यांच्या मधली जागा धरतं आणि रेघ भलतीकडे पळते. लोकांनी हस्ताक्षर ओळखण्याच्या सोयीला नावं ठेवली; बहुतेक वेळा दोष तळहाताचा होता.

कोणी हात लावलेला नसताना बाण एका कडेला जाऊन बसतो, आपोआप क्लिक होत राहतात, ही या पडद्यांची नेहमीची तक्रार. पडदा गेला असं ठरवण्याआधी कडा बघा. पडदा आणि चौकट यांच्या फटीत धूळ, बिस्किटाचा कण किंवा स्क्रीनगार्डची मोठी कापलेली कड अडकलेली असते आणि ती पापुद्रा कायम दाबत राहते. जाड कागदाची, व्हिजिटिंग कार्डाची नव्हे, कोरडी पट्टी चारही बाजूंनी हलक्या हाताने फिरवायची. स्क्रीनगार्ड चौकटीपासून अर्धा-एक मिलिमीटर आत राहील असं कापायचं, आणि टेम्पर्ड काच तर लावायचीच नाही, कारण तिच्यातून दाब खाली पोचत नाही. मग कंट्रोल पॅनलमधून कॅलिब्रेशन, म्हणजे स्पर्शाची जागा पडद्याला नेमकी शिकवणं: दिसणाऱ्या फुल्यांवर स्टायलसने, वापरताना ज्या कोनात धरता त्याच कोनात टेकवायचं. पडदा उभा करून वापरत असाल तर उभ्या स्थितीत वेगळं कॅलिब्रेशन. स्टायलस हरवला तर बोथट प्लॅस्टिकची कोणतीही काडी चालेल. संपलेली बॉलपेनची रिफील चालत नाही. तिच्या धातूच्या टोकाने पापुद्र्यावर ओरखडा उठतो आणि त्या रेघेपुरता पडदा बहिरा होतो.

वरचे थर उजेड खातात ते वेगळंच. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून वाशी गाडी पकडावी, खिडकी मिळावी, यंत्र सुरू करावं. ऐरोलीपर्यंत एक्सपी स्थिरस्थावर होई. दिघा गाव स्टेशन तेव्हा नव्हतं. पुढे दुपारचं ऊन पडद्यावर आलं की स्वतःचा चेहरा तेवढा स्पष्ट दिसायचा.

४८० ठिपक्यांच्या उंचीचा त्रास वेगळा. त्या काळचे प्रोग्रॅम किमान ६०० ठिपके धरून केलेले. खिडकी उघडते, तिचं ‘ओके’ बटण पडद्याच्या खाली. वैतागून यंत्र बंद करू नका. कीबोर्ड जोडलेला असेल तर ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग वरचा बाण दाबत राहा. खिडकी वर सरकते. तेही नको असेल तर बरेचदा नुसतं एंटर पुरतं. क्यू१मध्ये ८०० गुणिले ६०० ठिपके दाबून बसवण्याची सोय होती. अक्षरं किंचित चेपलेली दिसतात, पण बटण दिसतं.

आता मराठीचं. पडद्याच्या खालच्या दोन कोपऱ्यांत अंगठ्यांखाली पंख्यासारखा उघडणारा डायल कीज नावाचा कीबोर्ड होता, रोमन अक्षरांचा. मराठीसाठी एक्सपीच्या भाषांच्या पानावर जाऊन जटिल लिप्यांची खूण करायची. ती केली की एक्सपी सीडी मागतं, आणि या यंत्राला सीडी घालायला तोंडच नाही. मार्ग असा: दुसऱ्या संगणकावर एक्सपीच्या सीडीतलं आय३८६ नावाचं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवायचं, विचारणा आली की तिकडे बोट दाखवायचं. काही यंत्रांत ते सी ड्राइव्हवर आधीच असतं, आधी शोधून बघा. मग भाषांमध्ये मराठी, मंगल फाँट, कळांची इनस्क्रिप्ट मांडणी; पडद्यावरचा साधा कीबोर्ड ‘ओएसके’ लिहून उघडला की देवनागरी कळा समोर.

मंदपणाचं मूळ हार्ड डिस्कमध्ये आहे. १.८ इंची, मिनिटाला ४,२०० फेरे, म्हणजे लॅपटॉपच्या तेव्हाच्या नेहमीच्या डिस्कपेक्षाही हळू. ती बदलणं हा या यंत्रावर खर्च करण्यासारखा एकच खर्च. यातल्या बऱ्याच डिस्कना झिफ नावाच्या खाचेत बसणारी चपटी पट्टी असते. एमसाटा कार्ड, म्हणजे फ्लॅशची छोटी डिस्क, आणि त्याला झिफमध्ये बदलणारा छोटा बोर्ड, ३२ किंवा ६४ जीबी पुरे. खाचेची कुलूप-पट्टी नखाने उचलायची, ओढायची नाही. ती तुटली की बोर्डच गेला. तांब्याची बाजू वर होती की खाली, याचा फोटो काढून ठेवा, उलटी बसली तर डिस्क दिसतच नाही. जुन्या डिस्कची प्रत दुसऱ्या संगणकावर काढून घ्या. एक्सपी स्वतः पार्टिशन करतं, म्हणजे डिस्कचे भाग पाडतं, ते ६३व्या सेक्टरपासून, आणि फ्लॅशच्या चार केबीच्या पानांशी ते जुळत नाही. म्हणून पार्टिशन विंडोज ७ किंवा लिनक्समधून आधी करून घ्यायचं. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डही चालतं आणि स्वस्त पडतं, पण बरीच कार्डं स्वतःला काढता-घालता येणारी डिस्क म्हणवतात, आणि एक्सपी तिथे अडून बसतं. लिनक्सपैकी डेबियन टाकायची तर अशा ३२ बिटच्या प्रोसेसरवर बसवता येणारी १२वी आवृत्ती शेवटची. २०२५च्या १३व्या आवृत्तीत तो दरवाजा बंद झाला.

जीपीएसचा माऊस, म्हणजे काचेला चिकटवायचा तो काळा गोळा, याची गंमत सांगायलाच हवी. तो संगणकाला सीरियल पोर्टसारखा दिसतो, सेकंदाला ४,८०० बिट या वेगाने स्थान सांगत राहतो. तो लावून यंत्र सुरू केलं की एक्सपीला वाटतं हा जुन्या पद्धतीचा माऊसच. बाण पडद्यावर थयथयाट करतो, मेनू आपोआप उघडतात, आणि मालक व्हायरस शोधत बसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या यादीत ‘सीरियल बॉलपॉइंट’ दिसेल, त्याला डिसेबल करायचं. अनइन्स्टॉल केलं तर पुढच्या वेळी परत हजर. आता यातले काही गोळे जागा बरोबर दाखवतात पण तारीख एकोणीस-वीस वर्षं मागची. उपग्रह आठवडे १,०२४पर्यंतच मोजतात आणि ६ एप्रिल २०१९ला तो आकडा पुन्हा शून्यावर आला. वापरायला हरकत नाही. तारखेवर यंत्राचं घड्याळ लावू नका, एवढंच.

घड्याळावरून आठवलं, वेबसाइट उघडत नसतील तर आधी तारीख बघा. आतली बटणसेल संपली की यंत्र जुन्या सालात जातं आणि सुरक्षित साइट दार उघडत नाहीत. तारीख नीट करूनही एक्सपीचा मूळ ब्राउझर नव्या कूटपद्धती जाणत नाही, त्यामुळे इंटरनेटसाठी ही यंत्रं नाहीतच म्हणा. घरच्या वाय-फायला जोडून फाइल हलवायच्या असतील तर राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झचं, डब्ल्यूपीए२ सुरक्षेचं वेगळं नेटवर्क करा. पाच गिगाहर्ट्झ यातल्या बऱ्याच यंत्रांच्या कानावर पडत नाही, डब्ल्यूपीए३ यांना समजत नाही.

रुखवतातलं सगळ्यात आधी मरतं ते पाऊच, आणि त्याला आपली हवा कारणीभूत आहे. खाडीच्या दोन्ही काठांवर पावसाळ्यात कपाटातली चामड्याची पट्टीही पांढरी होते, तिथे रेक्झिनचा काय पाड. पॉलीयुरेथिनची वरची कातडी दमटपणाने रासायनिकदृष्ट्या तुटते आणि भुग्यासारखी गळते. वापरा न वापरा. हेच रसायन यंत्राच्या पाठीवरच्या मऊ रबरी रंगाला लागू, म्हणून ती पाठ चिकट होते. साबणपाण्याने ती जात नाही. दुकानदार ज्याला आयपीए म्हणतात ते अल्कोहोल, नव्वद टक्क्यांच्या वरचं, कापडावर घेऊन, यंत्र बंद करून आणि बॅटरी काढून, हातभर जागा एका वेळी न घेता दोन-दोन इंच पुसायचं. रंग पूर्ण निघेल आणि खाली साधं प्लॅस्टिक दिसेल. चकचकीत रूप जातं, हात चिकटत नाही. ठेवणीत टाकताना पाऊचमध्ये नव्हे, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. चालू यंत्र पाऊचमध्ये तर नकोच, हवेच्या जाळ्या झाकल्या की पंखा ओरडतो आणि प्रोसेसर वेग कमी करतो.

बॅटरी अर्धी भरलेली, यंत्रातून काढून ठेवावी. पूर्ण भरून ठेवलेली उष्णतेत लवकर म्हातारी होते, पूर्ण रिकामी ठेवलेली कायमची झोपते. सेल अडीच व्होल्टच्या खाली गेले की आतला संरक्षक बोर्ड चार्ज घेत नाही, आणि त्याला बाहेरून तारा जोडून उठवण्याचे जे व्हिडिओ फिरतात ते घरात करून बघण्याजोगे नाहीत. फुगली असेल तर टाचणी नको, दाबणं नको. टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची, घंटागाडीत नाही. क्यू१सारखी बरीच यंत्रं बॅटरी काढूनही नुसत्या अडॅप्टरवर चालतात. फक्त पाय अडखळून वायर निघाली तर एक्सपी पुढच्या वेळी डिस्क तपासायला बसू शकेल, आणि ४,२०० फेऱ्यांची डिस्क अजून आतच असेल तर तेवढ्यात चहा करून घ्यायला हरकत नाही.