एका पासवर्डाच्या जागी नऊ खाती : ऑफिसच्या बॅकअपचा माझा अनुभव

सदाशिव पेठेतील एका सीएंच्या ऑफिसमध्ये मी व्यवस्थापनाचे काम पाहते. सर, जमाखर्च सांभाळणारे एक ज्येष्ठ काका, सीए होण्यासाठी आर्टिकलशिप (उमेदवारी) करणारी सहा मुले आणि मी, असे आम्ही नऊ जण. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, विवरणपत्रे, ऑडिटची कागदपत्रे हे सगळे राउटरला जोडलेल्या एका नॅसवर, म्हणजे सर्वांना नेटवर्कवरून वापरता येणाऱ्या साठवणीच्या यंत्रावर, ठेवलेले असते. त्यात 4 टीबीच्या दोन डिस्क आहेत आणि दोन्हींवर एकच मजकूर उतरतो, त्यामुळे वापरण्याजोगी जागा 4 टीबीच. विंडोज मोजण्याच्या वेगळ्या पद्धतीमुळे तीही 3.6 दाखवते, तेव्हा दुकानदाराने फसवले असे सरांना बरेच दिवस वाटत होते. आत जाण्यासाठी मात्र सर्वांना मिळून एकच लॉगिन होते आणि त्याचा पासवर्ड प्रत्येक मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर चिकटवलेला होता.

टॅक्स ऑडिटची 30 सप्टेंबरची मुदत आठवड्यावर आलेली असताना एका क्लायंटचे अख्खे फोल्डर दिसेनासे झाले. दोन दिवसांनी ते शेजारच्या क्लायंटच्या फोल्डरमध्ये सापडले. कोणाच्या तरी हातून माउसने ओढले गेले होते. कोणाच्या, हे कळायला मार्ग नव्हता, कारण नोंदीत सगळीकडे एकच नाव. त्या शोधाशोधीत माझ्या लक्षात आले की आमचा रोजचा बॅकअपही त्याच ड्राइव्हवर, त्याच पासवर्डाने उघडणाऱ्या जागेत पडलेला आहे. एखाद्या मुलाच्या संगणकात खंडणीखोर व्हायरस शिरला असता तर त्याने मूळ फायली आणि त्यांचा बॅकअप एकाच दमात कुलूपबंद केला असता. दोन डिस्कचा इथे काही उपयोग नव्हता, कारण एकीवर पुसलेले दुसरीवरही त्याच क्षणी पुसले जाते. कंपनी कायदा 2013 प्रमाणे हिशेबाची पुस्तके 8 वर्षे जपावी लागतात आणि आमच्या क्लायंटमध्ये कंपन्याही आहेत, हे सरांना सांगितल्यावर त्यांनी लॉगिन आणि बॅकअप नीट लावण्याचे काम माझ्याकडे सोपवले.

नॅसच्या सेटिंगला हात लावण्यापूर्वी मी दोन दिवस फक्त कागदावर काम केले. कोणाला काय दिसावे, हे ठरवायला सोपे गेले. कोणाला काय पुसता यावे, यावर मात्र बरीच चर्चा झाली. मी सुचवले की बॅकअपच्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा हक्क कोणाही माणसाला नसावा. त्यासाठी एक वेगळे खाते करावे, त्याचा पासवर्ड केवळ बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये भरावा आणि ते फोल्डर कोणाच्याही संगणकावर ड्राइव्ह म्हणून जोडू नये. सर म्हणाले, "म्हणजे माझ्याच ऑफिसात मला परवानगी नाही?" मी म्हटले, "पाहायची आहे, सर. पुसायची नाही." ते थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी सही केली. सही मी मागितली नव्हती, पण सीएंच्या ऑफिसात कागद समोर आला की सही होतेच.

खाती आणि ग्रुप तयार करायला तासभर लागला. चूक झाली ती परवानग्या देताना, आणि ती माझीच. पगाराचे फोल्डर मुलांना दिसू नये म्हणून मी "सर्व कर्मचारी" या ग्रुपपुढे "प्रवेश नाही" यावर खूण केली आणि "लेखा" ग्रुपला वाचण्या-लिहिण्याचा हक्क दिला. काका दोन्ही ग्रुपमध्ये होते, मीही होते, आणि पगाराच्या आदल्या दिवशी आम्ही दोघेही बाहेर राहिलो. आमच्या नॅसमध्ये दोन ग्रुपचे हक्क परस्परविरोधी असतील तर नकार वरचढ ठरतो. ज्याला हक्क द्यायचा नाही त्याच्यापुढचा चौकोन नुसता रिकामा ठेवला तरी प्रवेश मिळत नाही. नकाराची खूण करण्याची गरजच नव्हती.

त्यानंतर प्रत्येकाच्या संगणकावर नवे लॉगिन घालायचे होते. पहिल्याच संगणकावर संदेश आला की एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडता येणार नाही. पासवर्ड बरोबर असूनही मी तो चार वेळा बदलून पाहिला. खरी अडचण अशी होती की विंडोजने जुने सामायिक लॉगिन क्रेडेन्शियल मॅनेजर या आपल्या पासवर्डांच्या यादीत जपून ठेवले होते आणि मागच्या मागे जोडणी चालूच होती. जुना ड्राइव्ह तोडला, तिथली नोंद पुसली, संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा नवे नाव चालले. नऊही ठिकाणी हेच करावे लागले.

काकांचा पेच वेगळा होता. ते संगणक उघडायचा चार आकडी पिनच नॅसलाही देत राहिले. तो पिन फक्त त्या संगणकापुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. वारंवार चुकीचा पासवर्ड आल्यामुळे नॅसने त्यांच्या संगणकाचा पत्ताच अडवला, तो मला यादीतून सोडवावा लागला. नवा पासवर्ड त्यांनी खिशातल्या डायरीत लिहून घेतला. चिठ्ठीपेक्षा ते बरे, म्हणून मी काही बोलले नाही.

जुन्या स्कॅनरने मात्र शेवटपर्यंत दाद दिली नाही. त्याला एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याच्या पद्धतीची, पहिली आवृत्तीच येते, आणि 2017 मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच आवृत्तीतील त्रुटीतून पसरला होता, म्हणून ती नॅसवर बंद ठेवलेली आहे. एका स्कॅनरसाठी ती उघडायला मी तयार नव्हते. शेवटी त्याला एफटीपी या दुसऱ्या पद्धतीने फायली पाठवायला लावले आणि "स्कॅनर" नावाचे आणखी एक खाते उघडून ते एकाच फोल्डरपुरते बांधून ठेवले.

बॅकअप आता रोज रात्री नऊला होतो. शनिवारी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून सर ती घरी नेतात. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून नॅसला यूपीएस जोडला आहे. पहिल्या महिन्याच्या शेवटी मी एका क्लायंटचा टॅलीचा डेटा बॅकअपमधून वेगळ्या संगणकावर परत आणून उघडला आणि काकांनी त्याचा ताळेबंद छापील प्रतीशी ताडून पाहिला. तो जुळला.

मागच्या आठवड्यात एका मुलाची आर्टिकलशिप संपली. त्याचे खाते मी पुसले नाही, फक्त बंद केले, म्हणजे जुन्या नोंदींत त्याचे नाव राहील. बाकी कोणाचाही पासवर्ड बदलावा लागला नाही. जाताना त्याने आपल्या मॉनिटरवरची पिवळी चिठ्ठी काढून माझ्या टेबलावर आणून ठेवली; तिच्यावरचे लॉगिन केव्हाच बंद झाले होते.