फुजिइदेरा ते शोसानजी : शिकोकूच्या वाटेवरचा एक दिवस

जपानच्या शिकोकू बेटावर ८८ बौद्ध मंदिरांची सुमारे ११५० किलोमीटरची जी पदयात्रा आहे, तिच्यातील पहिली दहा मंदिरे योशिनो नदीच्या खोऱ्यात बहुतांशी सपाटीवर आहेत, आणि ती चालून झाली की आपल्याला आता हे जमते असे वाटू लागते. अकराव्या फुजिइदेराच्या मागून डोंगरात शिरणारी वाट हा विश्वास टिकू देत नाही. तिथून बाराव्या शोसानजीपर्यंतचे अंतर साधारण १३ किलोमीटर आहे, पण वाटेतील चढांना ‘हेन्रो कोरोगाशी’, म्हणजे यात्रेकरूला गडगडत खाली लोटणारे, असे नाव आहे. दणकट पायांना पाच तास, सामान्यांना सहा आणि अशक्तांना आठ, असा हिशेब इथे पूर्वीपासून सांगतात. माझे वय ५८ आहे; मी आठ तास धरून नोव्हेंबरातल्या एका थंड सकाळी सात वाजता मंदिरात पोहोचले.

मी नागपूरची. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी पांढरे लुगडे नेसून दीक्षाभूमीवर होती, आणि आमच्या घरी बुद्धवंदना ही तिच्यापासून चालत आलेली गोष्ट आहे. या यात्रेचा विचार मनात आला तो २०१५ साली, कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिल्याची बातमी वाचल्यावर. कोयासान हे कूकाई या भिक्षूने ८१६ साली स्थापन केलेले पीठ. जपानी लोक त्यांना कोबो दाइशी म्हणतात, शिकोकूची यात्रा त्यांच्याच नावाने चालते आणि ती पूर्ण झाल्यावर अनेक यात्रेकरू कोयासानला जाऊन त्यांच्या समाधीला वंदन करतात. यात्रेकरूचा पोशाखही पांढराच असतो. वाटेत मरण आले तर तेच कफन व्हावे, अशी त्यामागची जुनी समजूत आहे. तो सदरा पहिल्यांदा अंगात घालताना मला मात्र आजीचे लुगडे आठवले.

फुजिइदेरात याकुशी बुद्धाची, म्हणजे भैषज्यगुरूची, मूर्ती आहे आणि तिच्यावर ११४८ सालाचा लेख आहे. प्रत्येक मंदिरात मुख्य बुद्धाचा मंत्र तीनदा म्हणायची रीत आहे. आमच्या विहारात त्रिशरण आणि पंचशील असते, मंत्र नसतात, त्यामुळे पहिल्या काही मंदिरांत मी नुसतीच हात जोडून उभी राहत होते. त्या सकाळी शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी मंत्र सावकाश म्हटला : ‘ओन कोरोकोरो सेन्दारि मातोगि सोवाका’. शेवटचा शब्द ‘स्वाहा’ आहे हे मला ठाऊक होते, पण मधले दोन शब्द त्या दिवशी प्रथमच नीट कानावर पडले. सेन्दारि म्हणजे चण्डाली आणि मातोगि म्हणजे मातंगी. ही देवतांची नावे आहेत हे खरे, पण ज्यांची सावलीसुद्धा आपल्या गावांनी अंगावर पडू दिली नाही त्या माणसांचीही हीच नावे आहेत. भारतातून चीनमध्ये आणि चीनमधून जपानमध्ये गेलेले हे शब्द इथे आजार बरा व्हावा म्हणून शतकानुशतके आदराने उच्चारले जात आहेत, आणि उच्चारणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण कोणाला हाक मारतो आहोत याची कल्पनाही नसेल. मी तो मंत्र तीनदा म्हटला आणि नंतर त्रिशरणही म्हटले.

पहिल्या चढावरच श्वास अपुरा पडू लागला. वाट सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी वृक्षांच्या दाट लागवडीतून जाते. मुळांच्या पायऱ्या झालेल्या असतात, आणि ओल्या पानांवर काठी टेकवल्याशिवाय पाऊल टाकायचा धीर होत नाही. ही काठी म्हणजे स्वतः दाइशी असे मानतात. यात्रेकरू एकटा दिसला तरी दोघे चालत असतात, असा ‘दोग्यो निनिन’ या शब्दांचा अर्थ आहे. एका रात्री दाइशी पुलाखाली झोपले होते अशी कथा असल्यामुळे पुलावर काठी आपटत नाहीत. चोदोआन आणि र्‍यूसुइआन या दोन छोट्या ठिकाणी मी बसून पाणी प्यायले आणि भाताचा एकेक गोळा खाल्ला. त्यानंतरच्या चढाच्या शेवटी दगडी पायऱ्या लागतात, आणि मान वर केली की एका प्रचंड सुगीच्या पुढ्यात उभी असलेली दाइशींची भव्य मूर्ती अचानक समोर येते. ही जागा सुमारे ७४५ मीटर उंचीवर आहे. इथे चढ संपला असे वाटते, पण वाट पुन्हा जवळजवळ साडेतीनशे मीटर खाली साउची वस्तीपर्यंत उतरते आणि मग शोसानजीसाठी जवळपास तितकेच चढावे लागते. मिळवलेली उंची परत द्यावी लागणे हे मला चढापेक्षाही जड गेले.

त्या वस्तीत एका घरासमोर एक आजीबाई उभ्या होत्या. त्यांनी मला थांबवले, घरात जाऊन दोन संत्री आणली आणि दोन्ही हातांवर ठेवून, कमरेतून वाकून, ‘ओसेत्ताई’ एवढाच शब्द उच्चारून माझ्यापुढे धरली. यात्रेकरूला दिलेले हे दान नाकारायचे नसते. त्याच्या बदल्यात आपल्या नावाची चिठ्ठी द्यायची असते. मी चिठ्ठी दिली तेव्हा त्यांनी ती कपाळाला लावली. माझी आजी सांगायची की तिच्या लहानपणी तहान लागली तर विहिरीपासून दूर उभे राहून ओंजळ पुढे करावी लागे, आणि कोणाला दया आली तर ते वरून पाणी ओतत, स्पर्श होऊ नये एवढ्या उंचीवरून. संत्री हातात घेऊन मी पुढच्या वळणापर्यंत चालले आणि तिथे बराच वेळ बसून राहिले.

शोसानजीला पोहोचायला अडीच वाजले. आवारात शेकडो वर्षांचे सुगी वृक्ष आहेत. मंदिर आकाशगर्भ बोधिसत्त्वाचे आहे. डोंगराला आग लावणाऱ्या महासर्पाला दाइशींनी इथे कोंडले, म्हणून या मंदिराला ‘जळता डोंगर’ असे नाव पडले, असे सांगतात. मी मुख्य आणि दाइशींच्या अशा दोन्ही सभागृहांत वंदना केली, वहीत शिक्का घेतला आणि उजेड असेतो उतरायला लागले, कारण मला खालचे जोशिनआन, एमोन साबुरोच्या कथेचे ठिकाण, पाहायचे होते.

एमोन साबुरो नावाच्या श्रीमंत माणसाने दारात आलेल्या भिक्षूला वारंवार हाकलले आणि शेवटी त्याचे भिक्षापात्र फोडले. त्याचे आठ तुकडे झाले आणि पाठोपाठ साबुरोची आठही मुले वारली. तो भिक्षू दाइशी होते हे कळल्यावर क्षमा मागण्यासाठी त्याने बेटाला वीस प्रदक्षिणा घातल्या, तरी भेट झाली नाही. एकविसाव्या वेळी तो उलटा चालला आणि या जागी कोसळला, तेव्हा दाइशी समोर आले. त्याच्या मृत्यूनंतर त्याची काठी थडग्यावर रोवली आणि तिला पालवी फुटून सुगीचे झाड झाले, अशी ही कथा आहे. तिथे गुडघे टेकलेला साबुरो आणि त्याच्यापुढे उभे दाइशी अशा मूर्ती आहेत. दारातून माणसाला हाकलण्याच्या कथा मी घरी पुष्कळ ऐकल्या होत्या. हाकलणारा क्षमा मागण्यासाठी चालत निघाल्याची कथा मात्र एकही ऐकली नव्हती. मी साबुरोच्या मूर्तीसमोर एक संत्रे ठेवले.

मुक्कामाच्या घरी पोहोचले तेव्हा अंधार पडला होता. यात्रेकरू आधी काठीचे टोक धुतो आणि मगच स्वतःकडे पाहतो. घरमालकीण पाण्याचे भांडे घेऊन बाहेर आल्या; मी काठी आडवी धरली, आणि चिखल पूर्ण निघेपर्यंत त्या पाणी ओतत राहिल्या.