फ्रँकफर्टला जाण्याआधी मार्केट यार्ड

“वजनाचं काय विचारता दादा, चढाचं विचारा.” मे महिन्यात पुण्याच्या मार्केट यार्डाबाहेर एका भाजीवाल्या काकांनी मला हे ऐकवलं. मी हातात वजनकाटा आणि वही घेऊन पहाटे साडेपाचपासून उभा होतो. भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. भागीदार आणि मी मालवाहू ई-सायकल बनवतो. दोन नमुने रस्त्यावर फिरताहेत, तिसरा अजून जिगवर, म्हणजे जोडणीसाठी सांगाडा धरून ठेवणाऱ्या साच्यावर आहे. जूनमध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टला युरोबाइक या सायकलींच्या प्रदर्शनाला जायचं ठरलं होतं. त्याआधीचे दोन रविवार मी यार्डात आणि बिबवेवाडीच्या चढावर घालवले, आणि या सगळ्या प्रवासात सर्वात उपयोगी पडले ते हेच दोन रविवार.

काकांचा माल म्हणजे सहा क्रेट, प्रत्येकी सुमारे २० किलो. म्हणजे १२० किलो भाजी, ६५ किलोचा माणूस आणि ५५ किलोची गाडी, एकूण २४०. त्यांच्या रस्त्यातल्या एका गल्लीचा चढ मी मोजला, तो सहा टक्के निघाला. ताशी ८ किलोमीटरने तो चढायचा तर चाकाशी साधारण ३७५ वॅट लागतात. २० इंची चाकावर ४० ते ४५ न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर), आणि चाक फिरतं मिनिटाला जेमतेम ८५ फेरे. सपाटीला ताशी २५ किलोमीटर जाणारी हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यात बसवलेली मोटर, २६५ फेऱ्यांच्या आसपास फिरते. तीच ८५ वर दाबून धरली की विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो आणि मोटर तापते. हे सगळं मी एका पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर लिहून शर्टाच्या खिशात ठेवलं. तुम्ही रिक्षा, मालगाडी, किक-स्कूटर, काहीही बनवत असाल, तर असा एक पुठ्ठा घेतल्याशिवाय विमानात बसू नका.

आता कागदपत्रं. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. पण १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणंच अवघड जातं, मी मार्चमध्ये घेतली. प्रौढांसाठी फी ९० युरो, सेवाकेंद्राचे पैसे वेगळे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला लागतो. प्रदर्शनाचं तिकीट आधी काढा आणि ते अर्जाला जोडा. सोबतच्या पत्रात धंदा काय, कोणाला भेटणार, खर्च कोण करणार हे साध्या भाषेत एका पानात लिहा. आमच्या पत्रात प्रदर्शनाची एक तारीख चुकली होती, ती खिडकीवर लक्षात आली आणि अख्खा दिवस गेला.

बॅटरीच्या बाबतीत तर आम्ही मोठीच चूक केली. भागीदाराने दाखवायला म्हणून आमची ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी बॅगेत भरली होती. गुणाकार केला तर ३६० वॅट-तास होतात. प्रवाशाला केबिनमध्ये १०० वॅट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी नेता येते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इन बॅगेतही नाही. मुंबई विमानतळावर रात्री एक वाजता ती बॅटरी ड्रायव्हरच्या हाती परत पाठवावी लागली. सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून कार्गो म्हणूनही जात नाही, २०१६ पासून ती बंदी आहे. त्यामुळे रिकामं आवरण न्या, आतल्या रचनेचे फोटो न्या, यूएन ३८.३ या बॅटरीच्या वाहतूक-सुरक्षा चाचणीचा अहवाल न्या. खरी बॅटरी तिथे कोणी मागत नाही. सुटे भाग नेऊन परत आणणार असाल तर फिक्की या उद्योजकांच्या संघटनेकडून एटीए कार्ने हा तात्पुरत्या आयातीचा कागद काढता येतो, म्हणजे तिकडे आयातशुल्क भरावं लागत नाही. आम्ही फक्त एक ब्रेक लिव्हर आणि फ्रेमचा वेल्डिंग केलेला एक सांधा नेला, तेवढ्यावर पुष्कळ बोलणं झालं.

युरोबाइक १९९१ पासून बोडेन सरोवराकाठच्या फ्रीडरिक्सहाफेनला भरायचं, २०२२ पासून ते फ्रँकफर्टच्या मेस्सेवर, म्हणजे तिथल्या प्रदर्शन-संकुलात आलं. आमच्या वर्षी बुधवार ते रविवार, २५ ते २९ जून असं होतं. पहिले तीन दिवस धंद्याच्या लोकांसाठी, शनिवार-रविवार सगळ्यांसाठी. पुढच्या वेळच्या तारखा आणि दिवसांची विभागणी तिकिटाआधी पाहून घ्या. धंद्याचं बोलणं पहिल्या दोन दिवसांतच उरका. तिसऱ्या दुपारी स्टॉलवरचे लोक थकलेले असतात, आणि शनिवारी मुलंबाळं घेऊन आलेल्या गर्दीत टॉर्कचा आलेख मागणं बरं दिसत नाही.

मेस्सेचा परिसर प्रचंड आहे. पूर्वेला १९०९ ची फेस्टहाल ही जुनी सभागृहाची इमारत, तिच्याशेजारी २५७ मीटर उंच मेस्सेटुर्म हा मनोरा आणि दारात हातोडा हलवणारा माणसाचा उंच काळा पुतळा. तिथे उतरायचं तर यू-बान या भुयारी रेल्वेची ४ नंबरची गाडी. हॉल ११ आणि १२ पश्चिम टोकाला आहेत, त्यांच्यासाठी एस-बान या लोकल रेल्वेचं ‘मेस्से’ स्टेशन बरं पडतं. हॉलांमध्ये सरकते पट्टे आहेत, तरीही पहिल्या दिवशी मी पूर्वेच्या दारातून आत शिरलो आणि सकाळची पहिली भेट चुकवली. आदल्या रात्री नकाशा उघडून प्रत्येक भेटीपुढे हॉल नंबर लिहा. एका दिवसात पाच भेटी पुष्कळ झाल्या. मध्ये अर्धा तास मोकळा ठेवा, कारण ज्याच्याशी खरं जमतं तो ‘या, आमच्या इंजिनिअरला भेटा’ म्हणून आत नेतो, आणि तिथे पाऊण तास जातो.

स्टॉलवर काय विचारायचं? मी सुरुवातीला वॅट विचारत होतो आणि सगळीकडे एकच उत्तर येत होतं, २५०. ते येणारच. युरोपात पेडल मारल्यावर मदत करणारी, सलग क्षमता २५० वॅटपर्यंत असलेली आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवणारी गाडी सायकल म्हणून चालते. चाचण्या ईएन १५१९४ या मानकाप्रमाणे होतात. आपल्याकडेही ३० मिनिटांची क्षमता २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ च्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. आकडे जुळे भाऊ वाटतात, पण तिकडे पेडल न मारता मोटर फक्त ताशी ६ किलोमीटरपर्यंत ढकलू शकते, आपल्याकडे पेडल न मारता गाडी पळवणारा थ्रॉटल सर्रास असतो. तिकडची मोटर माणसाच्या पायांचा हिशेब धरून बनलेली आहे. दिवसभर पोती उचललेला आपला माणूस संध्याकाळी पायाचा जोर लावेल, असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पुठ्ठाच पुढे केला. २४० किलो, सहा टक्के, ८५ फेरे, बाहेर ४२ अंश सेल्सिअस, सलग वीस मिनिटं. मोटरचं तापमान किती होईल आणि कितव्या मिनिटाला कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज पुरवणारं नियंत्रक यंत्र, करंट कमी करेल? इथे माणसं वेगळी झाली. एका ठिकाणी ब्रोशर हातात देऊन विषय बदलला. दुसऱ्या ठिकाणी एका वयस्क इंजिनिअर बाईंनी पुठ्ठा हातात घेतला, खुर्ची ओढली आणि माझ्याच पेनने त्यावर आकडे मांडले. आत गिअर असलेली हब मोटर इथे दम सोडेल, मिड-ड्राइव्ह (पेडलपाशी बसणारी मोटर) घ्या किंवा मधल्या शाफ्टवर वेगळं रिडक्शन (फेरे कमी करून जोर वाढवणारी गिअरची जोडणी) द्या, असं त्यांनी सरळ सांगितलं. त्या कंपनीला आमच्याकडून धंदा मिळेल की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या वीस मिनिटांसाठी मी पुन्हा व्हिसाच्या रांगेत उभा राहीन.

आणखी तीन प्रश्न विसरू नका. कंट्रोलर दुसऱ्याच्या बॅटरीशी आणि डिस्प्लेशी बोलतो, की स्वतःच्याच सामानापुरता कुलूपबंद आहे? किमान ऑर्डर किती? आणि पाच वर्षांनी सेन्सर बिघडला तर पुण्यात तो कुठून मिळेल? शेवटच्या प्रश्नाला जो थांबून विचार करतो, त्याचं कार्ड वेगळ्या खिशात ठेवा.

बाहेरच्या टेस्ट ट्रॅकवर ओळखपत्र मागितलं, ते जवळ असू द्या. मोकळी गाडी चालवून काही कळत नाही. मी भागीदाराला मालाच्या पुढच्या पेटीत बसवून चालवली, तेव्हा ब्रेकची खरी परीक्षा झाली.

राहण्यासाठी मेस्सेजवळची हॉटेलं त्या आठवड्यात परवडत नाहीत. आम्ही माइन्झला राहिलो. एस-बानची एस ८ लाइन तिथून विमानतळावरून थेट फ्रँकफर्टला जाते. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे घरीच ठेवा. भडंग आणि शेंगदाण्याची चटणी यांनी आम्हाला तारलं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. विकतची प्लास्टिक बाटली फेकू नका, दुकानातल्या मशीनमध्ये घातली की २५ सेंट परत मिळतात. रविवारी दुकानं बंद असतात, खरेदी शनिवारीच करा.

एक सकाळ प्रदर्शनासाठी नाही, शहरासाठी राखून ठेवा. मी सात वाजता एका चौकात तासभर उभा राहिलो. पेटीत दोन मुलं बसवून शाळेकडे निघालेल्या आया, पार्सलवाल्याची तीनचाकी सायकल, सायकलींसाठी वेगळा सिग्नल. गाडी कुठे लावतात, पाऊस आला तर पेटी कशी झाकतात, हे स्टॉलवर दिसत नाही. वेळ असेल तर आगगाडीने तासाभराच्या आत मानहाइमला जाऊन या. १२ जून १८१७ रोजी कार्ल ड्राइस आपलं लाकडी, बिनपेडलचं दुचाकी यंत्र पायाने ढकलत तिथूनच निघाला होता. टेक्नोझेउम संग्रहालयात त्या काळापासूनची यंत्रं जवळून बघता येतात. ती पाहताना मला आमच्या जिगवरचा तिसरा सांगाडा आठवत राहिला.

परतल्यावर आठवड्याच्या आत सगळ्यांना मेल करा, आणि मेलमध्ये पुठ्ठ्याचा फोटो जोडा. आम्ही अकरा मेल केले, चार उत्तरं आली. त्यातल्या दोघांनी तापमानाचा आलेख पाठवला. बाईंच्या कंपनीची मोटर महागडी निघाली, म्हणून मधल्या शाफ्टचं रिडक्शन आम्ही भोसरीतच बनवून घेतलं. परवा काकांचे सहा क्रेट लादून बिबवेवाडीच्या त्याच गल्लीत गाडी घातली. चौदाव्या मिनिटाला मोटर ९१ अंशांवर होती आणि चढ अजून संपायचा होता. काका मागून चालत होते. म्हणाले, “थांबू नका, वर पाण्याची टाकी आहे, तिथे वळवा.” येत्या रविवारी आठ क्रेट लादायचे आहेत.